वैशालीचा सकाळचा व्यायाम

ती गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. तिचा डावा घोटा माझ्याच हातात होता. रोजच्यासारखा सकाळचा व्यायाम चालला होता, पाऊल वर, पाऊल खाली... आणि खोलीतला श्वासाचा आवाज थांबला. तरी मी ते पाऊल आणखी थोडा वेळ हलवत राहिलो.

माझी पत्नी वैशाली कॉलेजात व्यायामशास्त्र शिकवायची. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला ती एखाद्याला खुर्चीवरून उठायला लावी. "काय केलंस?" "उठलो, मॅडम." "अजिबात नाही. आधी पाय मागे घेतलेस, मग पुढे झुकलास, मग उठलास. इतकी वर्षं शरीर वापरतोयस, जरा ओळख तरी करून घे." घरीही हाच छळ. विश्रांतवाडीच्या आमच्या गॅलरीत चहा पिताना खालून कोण लंगडत जातंय, कुणाचा खुबा दुखतोय, खराडीच्या आयटी कंपनीतून आलेल्या कुणाचा खांदा लॅपटॉपनं उतरलाय, हे ती मला दाखवायची. मी बँकेतला माणूस. मला नुसती माणसं जाताना दिसायची.

मग एका संध्याकाळी ती स्वतःच खुर्चीत अडकली. "अहो, पाय मागे घेतले, झुकलेही... पुढचं काही होत नाहीये," म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. स्नायूंना हालचालीचा निरोप पोचवणाऱ्या पेशीच मरत चालल्या होत्या. यावर इलाज नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं. तिला सांगावं लागलं नाही. आज कुठला स्नायू गेला, उद्या कुठला जाणार, हे तिला आधी कळायचं. आयुष्यभराच्या अभ्यासाचा एवढाच उपयोग झाला. मला त्याचा अजून राग येतो.

मी मात्र हट्टाला पेटलो. तिच्याकडूनच शिकून रोज तिचे हातपाय हलवू लागलो. एकदा तिची पोटरी थरथरली आणि मी ओरडलोच, "बघ, येतंय परत!" तिची जीभ तेव्हा जड झाली होती; एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "अहो, मरणारा स्नायू असाच थरथरतो. या व्यायामानं सांधे आखडत नाहीत, इतकंच. मी उठणार नाहीये." मग म्हणाली, "पण थांबवू नका... बरं वाटतं."

मी थांबवलं नाही. खोटं कशाला बोलू, आशाही सोडली नाही. त्या शेवटच्या सकाळीसुद्धा मी तिच्या पोटरीकडेच बघत होतो, चेहऱ्याकडे नाही.

महिना उलटून गेला. पलंगावर, पायथ्याशी, तिच्या टाचांनी गादीत दोन खळगे पडले आहेत. मुलगी म्हणते, "बाबा, गादी उलटी तरी करा." मी तिला सांगतो, एकट्याला उचलत नाही. रोज सकाळी चादर बाजूला करून मी त्या खळग्यांवर हात ठेवतो. ते भरत चाललेत. फोमची गादी आहे, हळूहळू ती पहिल्यासारखी होणार. मला ते थांबवता येत नाही.