न मारलेलं कापड

गल्लीतल्या तीन पिढ्या मावशींनी शिवलेले कपडे घालून लहानाच्या मोठ्या झाल्या. शाळेचे गणवेश, नव्या नवरीचे ब्लाउज, म्हाताऱ्यांच्या ढगळ विजारी; सगळं त्या खिडकीपाशी, मशीनच्या संथ खडखडाटात जन्माला आलं. मावशींना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. उरलेलं कापड, अगदी बोटभर चिंधी का असेना, गुंडाळी करून गिऱ्हाइकाच्या पिशवीत परत जायचं. शिवणारे कापड मारतात असं जग म्हणतं. मावशींना तसं कुणी म्हटलं नव्हतं.

म्हटलं ते पोटच्या पोरानं. आणि तेही इंग्रजीत.

लेक दूरदेशी राहायचा, लिहायचा. इंग्रजी कादंबरीला दरवर्षी जे सगळ्यात मोठं बक्षीस मिळतं, त्याच्या शेवटच्या सहा पुस्तकांत त्याची कादंबरी आली. वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापक बाईंनी ती वाचली आणि जिना उतरता उतरता साऱ्या गल्लीला सांगितली. कादंबरीतली आई कपडे शिवते, गिऱ्हाइकांचं कापड मारते आणि त्यातून लेकाला शर्ट शिवते.

"काय लिहिलंय हो! मी तर रडले," बाई मावशींना म्हणाल्या.

"तुम्ही कशाला रडता? रडायचं मी!"

दुसऱ्याच दिवशी बेकरीवाली पडद्यांचं कापड घेऊन आली. "मावशी, पावणेआठ मीटर आहे हं. मोजून आणलंय," ती हसत म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं कधी मोजलं नव्हतं.

मावशींनी लेकाला फोन लावला.

"काय रे, मी कुणाचं कापड मारलं?"

"आई, ती तू नाहीस. कादंबरी आहे ती."

"खिडकीत मशीन, एकुलता एक लेक, नाकावर तीळ. मी नाही तर कोण, तुझी आत्या?"

"कल्पना असते गं."

"मग कल्पनेत तिला नर्स करायचंस! औषधं चोरली असती तिनं."

"तिनं चोरी केल्याशिवाय तिची माया दिसत नाही, आई."

मावशींनी कपाळावर हात मारला. विकत घेतलेल्या कापडाचे एवढे शर्ट घातले, त्यांत याला माया दिसली नाही?

"हे बघ, बक्षीस मिळालं तर तिथंच सांग, माझ्या आईनं कापड मारलेलं नाही."

"तिथं असं नाही बोलत गं कुणी."

पुढचे दिवस मावशींना घास गोड लागला नाही. बक्षीस मिळालं तर पुस्तक घरोघर जाणार, आणि घरोघर त्या चोर ठरणार. मिळू नये असं मनात यायचं, आणि त्याच क्षणी त्या स्वतःची जीभ चावायच्या. आईनं लेकाच्या हरण्याची वाट बघायची? कुणावर चिडावं तेच कळेना, म्हणून त्या मशीनवर चिडायच्या.

बक्षीस मिळालं. प्राध्यापक बाई मोबाइल घेऊन धावत आल्या. पडद्यावर लेक होता, अंगात कुण्या परक्यानं शिवलेला कोट. तो बोलला आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, या पुस्तकात जे आहे ते सगळं मला माझ्या आईनं दिलं."

"सगळं?"

"सगळं!"

"झालं!" मावशी मटकन स्टुलावर बसल्या. "माझ्या वतीनं कबुलीसुद्धा देऊन टाकली." बोलताना त्याचा आवाज कापला होता. तो ऐकून त्यांनी पडद्यावरच्या लेकाच्या गालावरून बोट फिरवलं, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

सकाळी बेकरीवाली पडदे न्यायला आली. उरलेल्या पट्टीची गुंडाळी तिनं पिशवीतून काढून मशीनवर ठेवली.

"राहू द्या मावशी तुम्हाला."

"ने."

"अहो, आनंदानं देतेय."

"मग आनंदानं ने!"

गुंडाळी पिशवीत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली, पुन्हा बाहेर आली. शेवटी बेकरीवालीनं मावशींचा हात दाबला. "लाजू नका. आईच्या मायेपुढं कापडाचं काय एवढं?" असं म्हणून ती पायऱ्या उतरली.

मावशी गुंडाळी घेऊन तिच्या मागं भर रस्त्यात धावल्या. गळ्यात टेप लोंबत होता.

"अगं ए, थांब! माझा लेक खोटारडा आहे! एक नंबरचा खोटारडा! त्याचंच तर बक्षीस दिलंय त्याला!"