घागरेवाले अंकल

विषुववृत्ताजवळच्या आमच्या बुकित बातोक वस्तीच्या उकाड्यात आठ वार लोकरी कापड कमरेला गुंडाळून कॉफी प्यायला जाणारा एकच माणूस मी पाहिला: आमच्या खालच्या मजल्यावरचे स्कॉटिश म्हातारबुवा. माझ्या बायकोने त्यांच्या किल्टला घागरा म्हटलं आणि ते आमच्या घरात घागरेवाले अंकल झाले. अर्थ सांगितला तेव्हा खो खो हसले आणि इथल्या लोकांसारखं शेवटी 'ला' लावत म्हणाले, "चालेल ला! फक्त स्कर्ट म्हणू नका."

किल्ट ते हाताने शिवत. मशीनचं नाव काढलं की कपाळाला आठी. प्रत्येक चुणीवर चौकडी जुळलीच पाहिजे. एक चुकली की सगळं उसवायचे. पण त्यांच्याकडून किल्ट घेणारे बॅगपाइप बँडवाले ऑनलाइन स्वस्तातले मागवू लागले, आणि अंकलची नजरही गेली. शेवटचा किल्ट त्यांनी विकला नाही. "कुणी शिकायला आलं तर बघायला हवा ना!" एकदा मलाच बसवलं. तीन चुण्यांत बोटाला सुई टोचली आणि मी फोन आल्याचं निमित्त करून सटकलो.

मग वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसात पार्टीसाठी 'स्कॉटिश नाइट' ठरली. अंकलचे विद्यार्थी त्यातून मिळतील, असा शहाणपणा मला सुचला. एचआरची बाई म्हणाली, "आधी सॅम्पल आणा." अंकलनी तो किल्ट काढून दिला. "जप हं. आता दुसरा होणार नाही माझ्याच्याने."

त्यांना पुढे कुणी विचारलंच नाही. महिन्याभरात पॉलिएस्टरचे ढीगभर स्कर्ट आले. वेल्क्रोचे, त्यांचीच चौकडी छापलेले. चुण्यासुद्धा नुसत्या छापलेल्या. आम्ही सगळ्यांनी ते नेसून फोटो काढले. मीही हसलो त्यात. दुसऱ्या दिवशी सॅम्पल मागितलं, तर प्लास्टिकच्या पिशवीत सपाट कापड हातात आलं. नमुना कळावा म्हणून कारखान्याने टाका न् टाका उसवला होता.

अंकलनी कापड टेबलावर पसरलं आणि टाक्यांची भोकं बोटांनी चाचपली. मला तोंड वर करवेना.

"अंकल, मी शिकतो. आता खरंच शिकतो. तुम्ही सांगा, मी शिवतो."

"तोंडाने कुठे सांगता येतं, बाबा? ते बघून शिकायचं होतं." मग त्यांनी कापडाची घडी घातली. "बायकोला दे. टेबलावर छान दिसेल."

रागावले असते तर मला सोसलं असतं. ते नुसते थकलेले दिसत होते.

वर्षभरात अंकल गेले. कापड माझ्या कपाटात आहे. कधी तरी काढतो, पलंगावर पसरतो, पहिली चुणी घालून बघतो. चौकडी जुळत नाही. का जुळत नाही, हे सांगणारं आता कुणी नाही.