नवीन आलं की जुनं खाणारा डबा

माझ्या टेबलाच्या खणात रिमोट साठलेत. कोणाची पाठ गेलेली, कोणाची बटणं. गिऱ्हाईक ठेवून जातं आणि विसरतं. किस्स्यांचं पण तसंच! ज्याचा किस्सा तो विसरतो, माझ्या खणात मात्र पडून राहतो. आता खण लागेनासा झालाय, म्हणून थोडा रिकामा करतो.

चौक गावात जुन्या हायवेवर, पंक्चरवाला आणि ढाबा यांच्या मधल्या गाळ्यात माझं टीव्ही रिपेरिंगचं दुकान आहे. लोक नाना म्हणतात. शिक्षण सातवी नापास, पण सोल्डरिंगचा डाग असा बारीक देतो की भिंगातून शोधावा लागतो. खोड्या काढायची सवय लहानपणापासून आहे, ती आता स्मशानातच सुटेल.

पण आज बसलोय ते चिडून. चीड त्या सेट टॉप बॉक्सची. साधा नाय, रेकॉर्डिंगवाला! कंपनीनं सांगितलं, टीव्ही तुमच्या सवडीनं बघा. आमच्याकडच्या लोकांनी हौसेनं डबे बसवले. आणि मग एकेक जण डबा काखेत मारून माझ्याकडे यायला लागला. कारण डबा आपल्या सवडीनं चालत नाय, तो त्याच्या सवडीनं चालतो!

*

पहिला आला किसन. किसन माझा वर्गमित्र. एकाच बाकावर बसून आम्ही दोघं सातवी नापास झालो. पुढं तो साजगावला कंपनीत फिटर लागला आणि तिथूनच रिटायर झाला.

त्या दिवशी मोठी मॅच होती आणि किसनला नेमकं एका हळदीला जायचं होतं. त्यानं मॅच रेकॉर्डला लावली. हळदीत कानात कापूस घालून बसला, कोणी निकाल सांगू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी कडी लावून, चहाची किटली घेऊन बसला मॅच बघायला. शेवटची ओव्हर आली. बॉलर धावत निघाला आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘रेकॉर्डिंग पूर्ण’!

स्कूटरवर डबा घालून तसाच आला. "नाना, सहा बॉल राह्यले होते रं! सहा!"

"मॅच लांबली. डब्यानं ठरलेल्या टायमापर्यंतच घेतलं."

"मग त्याला दिसत नाय का, मॅच चालू हाय ती?"

"दिसतं की."

"मग जरा पुढं चालवायचं बटण?"

"ते दिलंच नाय."

किसननं आईबहिणीवरून डब्याचा उद्धार केला. मी म्हटलं, "किसन, भोंगा झाला की तू अर्धा आवळलेला नट सोडून जेवणाचा डबा उचलायचास. हा पण तुझ्यासारखाच ड्युटीचा माणूस हाय!"

ढाब्यावरचे सगळे हसले. किसन रडवेला होऊन म्हणाला, "बरं, जिंकलं कोण तेवढं तरी सांग."

मी गंभीर तोंड केलं. "हारलो रं."

दोन दिवस तो धड जेवला नाय. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की आपण जिंकलो होतो. दुकानात आला तेव्हा हातात एकवीस नंबरचा पाना होता.

*

त्यानंतर खालापूरकडचे एक सरपंच. गावाचं नाव सांगत नाय, मला त्या रस्त्यानं जावं लागतं. रस्त्याच्या खड्ड्यांवर त्यांची टीव्हीवर अर्ध्या तासाची मुलाखत लागणार होती. त्यांनी ती रेकॉर्डला लावली आणि रविवारी सकाळी अख्ख्या गावाला शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. खुर्च्या, पडदा, भजी, सगळं जोरात!

आता झालं होतं असं, की मुलाखतीच्या आधी लाईट गेली आणि लगेच आली. पण लाईट आली की हा डबा आधीचं चॅनल विसरतो आणि सरळ पहिल्या नंबरवर जाऊन बसतो. तिथं दिवसभर वस्तू विकतात. डब्यानं तेच रेकॉर्ड केलं, आणि वर नाव दिलं सरपंचांच्या मुलाखतीचं!

सरपंचांनी बटण दाबलं. एक बाई आली आणि म्हणाली, "फरशी पुसताना कंबर दुखते का?"

पुढचा अर्धा तास पोछा. गोल फिरणारा, आपोआप पिळणारा. सरपंच पुढच्या खुर्चीत बसलेले, मग उठायचं कोणी? शेवटी एक म्हातारा उठला, हात जोडले आणि म्हणाला, "सरपंच, आज पयल्यांदा तुमचं बोलणं समजलं!"

दुसऱ्या दिवशी सरपंच माझ्या गाळ्यात लाल होऊन उभे. "नाना, लाईट गेल्यावर कोणतं चॅनल चालू होतं, ते याला आठवत नाय?"

"नाय."

"मग आठवतं तरी काय?"

"रिचार्ज कधी संपतो ती तारीख. ती बरोब्बर आठवते!"

*

आता माझी खोडी सांगतो. हसून घ्या, मग मलाच शिव्या द्याल.

कळंबला सुनंदा राहते. माहेर आमच्या गावचं, त्यामुळे माझ्यावर हक्क गाजवते. नवरा बाळाराम गेल्या वर्षी गेला. घरात ती आणि सासू. सासूला मी काकी म्हणतो. काकीचं वय काकीलाच माहीत नाय, पण दात शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

काकी सातला झोपते आणि तिची मालिका लागते साडेआठला. म्हणून ती रोज डब्यात रेकॉर्ड व्हायची आणि काकी दुसऱ्या दिवशी दुपारी बघायची. एकदा रिमोटचे सेल बदलायला गेलो आणि माझा हात शिवशिवला. मालिका काढली आणि त्या जागी इंग्रजी कुस्ती लावली. ती हो, चड्डीवरचे पैलवान एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालतात ती! रोज तीन तास.

आठवड्यानं काकीचा फोन आला. शिव्या ऐकायच्या तयारीनं मी स्टुलावर नीट बसलो.

"नान्या, ती मालिका आता लावू नको. हेच र्‍हाऊ दे. हितं निदान रोजच्या रोज निकाल लागतो!"

हा किस्सा मी महिनाभर ढाब्यावर सांगत होतो. प्रत्येक वेळी काकीचा आवाज काढून.

*

मग एक दिवस सुनंदा दुकानात आली. ही बाई घर सोडून कुठं जात नाय, दोन गाड्या बदलून आलेली. पाणी दिलं, प्यायली नाय.

"नाना, डब्यातनं रोज एकेक जातंय वो."

"काय जातंय?"

"जुनं. खालून. यांच्या आधीच्या मालिका गेल्या, गणपतीचा कार्यक्रम गेला. आता यांचाच नंबर हाय."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी टीव्हीवाले बाळारामच्या घरामागच्या शेतावर आले होते. त्यानं भाताचं जुनं बी जपलेलं, त्याच्यावर चार मिनिटांचा कार्यक्रम झाला. बाळाराम कसला लाजरा! मोबाईल दिसला की तोंड फिरवायचा. घरात त्याचा हलता-बोलता एवढा एकच तुकडा. सुनंदा रोज दुपारी लावून बघायची.

"शेवटाला ते माझ्याकडं वळून इचारतात बघा, झाली का भाकर म्हणून," सुनंदा म्हणाली. "मी दाराआडच होते. टीव्हीवाल्यांनी दम दिलेला, घरातल्यांनी आवाज करू नका. मी ओ दिलीच नाय."

आणि हसली. मला काय हसायला येईना.

कारण या डब्याची एक हलकट खोड मला पाठ होती. जागा भरली की हा विचारत नाय, सांगत नाय. नवीन आलं की सगळ्यात जुनं पुसतो. ‘हे ठेव, याला हात लावू नको’ असं सांगायचं बटण त्यात दिलेलंच नाय! आणि जागा कशानं भरली होती? माझ्या पैलवानांनी! रोज तीन-तीन तास ते बाळारामला कोपऱ्याकडे ढकलत होते आणि मी ढाब्यावर बसून टाळ्या घेत होतो.

शटर ओढलं, तिला गाडीवर मागे बसवलं, कळंब गाठलं आणि सगळे पैलवान पुसून टाकले. बाळाराम वाचला. काकी चार दिवस माझ्याशी बोलली नाय. तिला वाटलं, मी जळून पुसले.

*

वाचला म्हणेपर्यंत सुनंदाला कंपनीचा मेसेज आला. हे मॉडेल बंद झालंय. गुरुवारी अकराला आमचा माणूस येईल, जुना डबा नेईल, नवीन देईल. नवीन डब्यात रेकॉर्डिंग नाय. जुना दिला नाय तर तो आम्ही तिकडूनच बंद करू, मग आतलं काय उघडणार नाय.

मी फोन लावला. आधी बाजा वाजला, मग एक बाई म्हणाली, "गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे."

हे मात्र यांना जमतं! माझ्या शिव्या जपून ठेवायला यांच्याकडे जागा आहे!

मग खरी मुलगी आली. मी म्हटलं, "पोरी, डब्यातली चार मिनिटं पेन ड्राइव्हवर काढून दे."

"सर, ती सुविधा उपलब्ध नाही."

"मग नवीन डब्यात टाक."

"सर, ती सुविधा उपलब्ध नाही."

"बाई विधवा हाय गं. नवऱ्याचा आवाज हाय त्यात."

ती हळूच म्हणाली, "सर, खरंच नाहीये हो." आणि लगेच मोठ्यानं, "मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

"आणखी? पहिली कोणती केलीस?"

नंतर मशीन म्हणालं, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाचमधलं बटण दाबा. मी फोनच रिमोटच्या खणात टाकला.

*

बुधवारी मी आणि किसन सामान घेऊन कळंबला. डबा उघडला, आतली डिस्क काढली, किसनच्या जावयाच्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. किसननं चष्मा कपाळावर चढवला. "ओके म्हणतोय रं. दाबू?"

मी त्याचा हात वरच्या वर धरला. खाली बारीक अक्षरात होतं, सगळं पुसून डिस्क नवी करू का! कंपनीनं आत कुलूप घातलेलं, म्हणून लॅपटॉपला ती कोरी वाटत होती. किसनला मी त्या दिवशी जे बोललो ते कंपनीनं सुद्धा रेकॉर्ड केलं नसतं.

डिस्क परत बसवली. मग डब्यातून वायर काढून दुसऱ्या मशीनवर उतरवायला गेलो. पडदा काळा! वर अक्षरं, ‘या कार्यक्रमाची नक्कल करण्यास परवानगी नाही.’

सुनंदानं मला ते वाचून दाखवायला लावलं. ऐकलं आणि भडकली. "म्हंजे? नवरा माझा, शेत माझं, आनि चोरी पन मीच करते व्हय?"

*

गुरुवार. सकाळचे दहा. किसन आणि मी डब्यासमोर मांडी घालून बसलेलो, हातात स्क्रू ड्रायव्हर, डोक्यात काय नाय. काकी खाटेवर वाल सोलत होती. म्हणाली, "नान्या, तुज्या त्या फोनात पिक्चर निघतो ना रं?"

"निघतो."

"मग टीव्हीफुडं धर की."

किसननं माझ्याकडे बघितलं. मी किसनकडे.

"उगंच नाय नापास झाले दोघं," काकी वालाला म्हणाली.

तांदळाच्या डब्यावर फोन टेकवला. पंखा बंद. कुत्रं मागच्या चिंचेला. सुनंदा सारखी नाक ओढत होती, म्हणून तिला स्वयंपाकघरात पाठवलं. "चूल नको, भांडं नको, श्वास पन हळू घे!"

पहिला टेक. बाळाराम बांधावर बसलेला, ओंजळीत बी. दीड मिनिटात शेजारचा कुकर ओरडला.

दुसरा टेक. काकी टीव्हीवाल्या पोरीकडे बघून बोलली, "गोरी हाय, पन लय बारीक." गेला!

तिसरा टेक. किसन शिंकला. मी पाना शोधत होतो, तेवढ्यात दारात गाडी थांबली. कंपनीचा माणूस! नवीन डबा काखेत. "नमस्कार, जुना बॉक्स..."

"गप!" आम्ही तिघं एकदम. तो उंबऱ्यातच थिजला.

चौथा टेक. आता कोणी हललं नाय. काकीनं वाल खाली ठेवले. बाळाराम सगळं बोलला, बी कसं सुकवायचं, कसं राखायचं, आजानं काय सांगितलेलं. टीव्हीवाल्या पोरीनं विचारलं, "काका, आणखी काय सांगाल?" बाळाराम लाजला, टोपी मागे सारली आणि घराकडे मान वळवून हाक मारली, "गं ए, झाली का भाकर?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "झाली! हात धुवा, या."

कार्यक्रम संपला. किसननं माझ्याकडे बघून बोट गोल फिरवलं, परत घ्यायचं का म्हणून.

मी फोन खिशात घातला, टीव्हीमागची वायर उपसली आणि उंबऱ्यातल्या माणसाला म्हटलं, "ने रं तुझा डबा."