फोरमनभाऊ आणि नवे पोप

माणसाचं मत बदलणं देवालाही जमत नाही, याचा पुरावा मागायला कोणी भद्रावतीला आलंच, तर मी त्याला थेट आमच्या शेजाऱ्यांच्या दारात नेऊन उभं करीन. दारूगोळ्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमच्या चर्चमध्ये सगळ्यांचे फोरमनभाऊ. नवे पोप निवडले गेले की सगळ्यात जास्त आनंद यांना. या वेळीही त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले, जुन्या पोपची तसबीर आतल्या खोलीत नेली आणि नव्यांची भिंतीवर टांगता टांगता मला म्हणाले, "बाई, आता पाहा, दुनिया बदलते." दुनियेचं मला माहीत नाही. पण इतके पोप आले नि गेले, मतदानाच्या दिवशी यांचं बोट काही त्या एका बटणावरून हललं नाही.

बरं, पोपचं ऐकत नाहीत असं म्हणावं, तर तेही नाही. पोप काहीही बोलोत, ते आपल्याच बाजूनं बोलले असं यांना दिसतं, आणि तिथेच माझं डोकं फिरतं. पोप शांतीविषयी बोलले, तर हे म्हणाले, "शांती पाह्यजे म्हूनच तं तोफगोळे लागते." पोप गरिबांविषयी बोलले, तर गरिबाला खाणीत नोकरी मिळावी हाच त्याचा अर्थ. पोप जंगल वाचवा म्हणाले, तेव्हा मात्र मला वाटलं, आता सापडले. फोरमनभाऊंनी शांतपणे चहा संपवला नि म्हणाले, "ते तिकडच्या जंगलाचं बोलून राह्यले, बाई. आपल्या इकडचं नाई."

या जंगलापायीच त्यांचं घर मोडलं होतं. त्यांची एकुलती एक लेक धानोऱ्याकडे तेंदूपानं आणि मोहफुलं वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करते. तिकडच्या एका डोंगरावर खाण होणार म्हणतात, आणि त्याच डोंगराच्या पायथ्याला तिनं घर केलंय. तिचा खाणीला विरोध, बापाचा पाठिंबा. दोन वर्षं एकमेकांशी एक अक्षरही बोलले नव्हते. फोरमनभाऊ बोलायचे ते देवाशी. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लोकांच्या वतीनं विनंत्या वाचायचं काम त्यांच्याकडे. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, पोपसाठी अशा विनंत्या झाल्या की हे त्याच सुरात वाचत, "खाणीचं काम लवकर सुरू व्हावं म्हणून." आणि आम्ही सगळे, बाकावर अर्धवट पेंगणारे, सवयीनं म्हणून जायचो, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." म्हणून झाल्यावर जीभ चावायची. फादर किती वेळा रागावले, पण भिंतीला सांगितलेलं बरं.

पोप जंगलावर बोलले आणि लेकीचा मला फोन आला. "मावशी, आता तरी पप्पा आयकतीन का वं?" तिच्या आवाजात इतकी आशा होती की मला खरं सांगवेना. मी म्हटलं, ये तू. शनिवारी ती माझ्याकडे उतरली. फादरांना मी आधीच पटवून ठेवलं होतं.

रविवारी फोरमनभाऊंच्या विनंत्या संपल्या नि ती पुढे गेली. तिला पाहून ते बाकावर ताठ झाले. ती वाचू लागली. "आमच्या गावाचा डोंगर आणि जंगल जसंच्या तसं राहावं म्हणून." सगळं चर्च गप्प. बाप-लेकीच्या भांडणात कोण पडणार? आणि त्या शांततेत एकच खणखणीत आवाज उठला, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." जन्मभराची सवय. फोरमनभाऊच होते.

बाहेर आल्यावर ते तडक लेकीपाशी गेले. "सवयीनं निघालं तोंडातून. माह्यं मत तेच हाये."

"माहीत हाये, पप्पा."

फोरमनभाऊ दोन पावलं निघाले नि परत वळले. मग ते म्हणाले, "जेवून जाशीन नं?"

मलाही ओढून नेलं. चिकनचा रस्सा वाढताना खाण, भात घेताना खाण, बसस्टँडवर पोचेपर्यंत खाण. एक शब्द मागे घेतला नाही या माणसानं. मी वैतागून विचारलं, "भाऊ, एवढ्या पोपांपैकी एकानं तरी तुमचं मत कधी बदललं का?"

"नाई," ते म्हणाले. "काऊन बदलीन?"

चंद्रपूरची एसटी सुटली. लेकीनं खिडकीतून हात हलवला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी फोरमनभाऊ तिथेच उभे. मी घरी चला म्हटलं, तर त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्याकडे बघून सकाळपासूनचा माझा राग कुठे गेला कोण जाणे.

"बाई," ते म्हणाले, "तिथी खाण झाली, तं हे पोरगी राहीन कुठी?"