आंब्यावर आलेला आळ

सिगारेट सोडून मी व्हेप, म्हणजे वाफेची ई-सिगारेट, ओढू लागलो, तेव्हा सूनबाईला वचन दिले होते: दिवसाला दहाच झुरके. जपानमधल्या ओजिमाच्या आमच्या घरी कचऱ्याची वर्गवारी तीच करते. एकदा न जळणाऱ्या कचऱ्यात तिला माझ्या व्हेपमधला द्रव तापवणाऱ्या तीन जळक्या कॉइल सापडल्या.

"बाबा, दहा झुरक्यांत महिन्याला तीन? चला, दुकानदारालाच विचारू. लबाडी निघाली, तर ते यंत्रही याच पिशवीत जाईल."

स्टेशनजवळचा तो दुकानदार माझ्याच वयाचा होता. त्याने पांढरे हातमोजे चढवले, चिमट्याने एकेक कॉइल दिव्याखाली धरली, आतला काळा कापूस हुंगला आणि वैद्य पथ्य मोडणाऱ्या रोग्याकडे पाहतो तसे माझ्याकडे पाहिले. मग तो सूनबाईशी जपानीत गंभीरपणे बोलला.

"ते म्हणतायत, दोष तुमच्या आंब्याच्या स्वादाचा आहे," ती ओशाळून म्हणाली. "गोड द्रवानं कॉइल लवकर जळते. टाकी कोमट पाण्यानं धुवायची, नवी कॉइल दहा मिनिटं भिजू द्यायची."

ती कमी गोड बाटली शोधायला वळली.

"कापूस म्हणतो, रोज दोनशे झुरके," तो मोडक्या इंग्रजीत पुटपुटला. "मी म्हणतो, आंबा."

त्याचे नाव मी विचारले नाही. मी सहसा कोणापुढे वाकत नाही. त्या दिवशी मात्र कमरेतून वाकलो.

"बघा," सूनबाई कौतुकाने म्हणाली, "इथल्या रीती जमायला लागल्या तुम्हाला!"