आजीशेजारची जागा

माझ्या मोठ्या काकांनी जिवंतपणीच स्वतःची कबर बांधून घेतली. सांगलीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीत जागेची मारामार आहे. पण काका चर्चच्या पंच कमिटीत, त्यामुळे आजीच्या कबरीशेजारची एकुलती एक मोकळी जागा त्यांना बिनबोभाट मिळाली. आजीच्या दुसऱ्या बाजूला थेट कंपाउंडची भिंत आहे. काकांनी काळ्या ग्रॅनाइटचा दगड बसवला. त्यावर सोनेरी अक्षरांत नाव, जन्मतारीख, पुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. खाली लिहिलं होतं, 'प्रभूच्या सेवेत आयुष्य वेचलेला दास'. काका रिटायर होऊन सांगलीला येईपर्यंत साताऱ्यात हेडमास्तर होते. त्यांनी आयुष्य टाइमटेबल लावण्यात आणि शिपायांवर खेकसण्यात वेचलं, पण तेवढं दगडावर कोण लिहिणार?

हा सगळा प्रकार त्यांच्या छातीत एकदा कळ येऊन गेली तेव्हापासूनचा. डॉक्टर म्हणाले पित्त असेल, काका म्हणाले प्रभूचा इशारा. तेव्हापासून ते प्रत्येक घरगुती प्रार्थनेत उभे राहून सांगू लागले की माणसानं आजचा दिवस शेवटचा समजून जगावं, एकही क्षण वाया घालवू नये. हे सांगताना ते आमचा अख्खा तास वाया घालवायचे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे आपापल्या माणसांच्या कबरी धुतो, चुना लावतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या उपासनेला फुलं, मेणबत्त्या घेऊन जातो. त्या वर्षी काका स्वतःच्याच कबरीला पाणी मारत बसले होते. पहाटे कुणा पाहुण्या बाईनं त्या कबरीवर मेणबत्ती लावली, डोळ्यांना पदर लावला आणि शेजारी उभ्या असलेल्या काकांना हळूच विचारलं, "तुमचे कोण होते हो?"

"मीच," काका म्हणाले.

बाई जी दचकून मागं सरकली ती थेट पाळकसाहेबांच्या पायावर. मला हसू आवरेना. काकांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात आत्या आजारी पडली. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही. आटपाडीकडच्या खेड्यांत नर्स म्हणून बाळंतपणं करत हिंडली. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा बदली मागून सांगलीला आली आणि आजीचं सगळं तिनंच केलं. काका त्या काळात नाताळला साताऱ्याहून यायचे, केकचा डबा ठेवायचे, लांबलचक प्रार्थना करायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे.

आत्या काही संत नव्हती. मिश्री लावायची, उपदेश लांबला की चर्चमध्ये खुशाल घोरायची. कुणी 'देवाची इच्छा' म्हणालं की विचारायची, "आन् भांडी कुनी घासायची?" पण रिटायर झाल्यावरही गल्लीत कुणाची जखम धू, कुणाच्या म्हाताऱ्याला आंघोळ घाल, हे चालूच. आपला कॅन्सर पोटभर पसरलाय हे ऐकून दवाखान्यातून निघाली, तर वाटेत शेजारणीच्या सासऱ्याचं ड्रेसिंग करून मगच घरी आली. हेतुपूर्ण जीवन वगैरे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली. मला म्हणाली, "मला आईजवळ ठिवा."

मी काकांकडे गेले. काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रार्थना करून सांगतो."

मी आठवड्यानं पुन्हा गेले, तरी त्यांची प्रार्थना चालूच. मी विचारलं, "काका, प्रभूला एवढा वेळ का लागतोय?" तर म्हणाले, "तुमच्या पिढीला धीर नाही. आणि दगड कोरून झालाय, आता बदलला तर मंडळीत चर्चा होईल." मग मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी चहा पाजला आणि कुटुंबानं प्रेमानं आपसात ठरवावं असं सुचवलं. पंचाशी वाकडं कोण घेणार!

शेवटी माझं डोकं फिरलं. काकांच्या फ्लॅटवर प्रार्थना होती. त्यांनी मरणावर भरपूर बोलून घेतलं आणि मग नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाचे प्रार्थनेचे विषय?" कुणाची नोकरी, कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न, असे विषय आले. मग मी उभी राहिले. "काकांचा त्यांच्या कबरीवरचा जीव सुटावा, म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी," मी म्हणाले. मग काकूंनी घाईघाईनं गीत सुरू केलं आणि सगळ्यांनी नको तेवढ्या मोठ्यानं म्हटलं. माझ्या विषयासाठी कुणी प्रार्थना केली नाही. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

घरी आले तर आत्या जागी होती. आता पाणीसुद्धा चमच्यानं द्यावं लागत होतं.

"काय म्हनला गं दादा?"

"अजून प्रार्थना चालू आहे."

ती हसली. हसताना कळ आली म्हणून माझा हात घट्ट धरला. मग दम घेत घेत तिनं काकांसाठी निरोप सांगितला आणि म्हणाली, "उद्या सकाळीच जा. जसाच्या तसा सांग, शब्द बदलू नगं."

सकाळी काका पेपर वाचत बसले होते. मी दारातूनच म्हटलं, "आत्याचा निरोप आहे. दादाला म्हणावं, जागा तुझी तुलाच राहू दे."

काकांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला. चेहरा उजळला होता. "बघ, प्रभूनं मार्ग दाखवला की नाही? तिला म्हणावं, फार मोठं मन आहे तुझं."

"निरोप अजून संपलेला नाही," मी म्हटलं आणि पुढचा तिच्याच शब्दांत सांगितला.

"आई हुती तवा मी रोज तिच्याजवळ झोपले. दादा एक रात बी न्हाई झोपला. आता तरी झोपू दे त्याला आईजवळ."