आम्ही चौघे खारेदाणे

एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागोमाग दुसरा निघतो, असं आमच्या चौघांचं झालंय. ज्या ऑनलाइन गेमने आम्हाला एकत्र आणलं, तो कंपनीने गेल्या वर्षी बंद केला. किल्ले गेले, राक्षस गेले, जमवलेल्या तलवारी गेल्या. किस्से तेवढे राहिले. आता अधूनमधून सगळे किहीमला माझ्याकडे जमतात आणि बोलण्याच्या नादात चहा प्यायचा राहून जातो.

चौघे कोण ते आधी सांगते. मी मेधा. आमच्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या आहेत, त्या बघते. गेममध्ये मी जादूगारीण. हर्षद पेणचा. घरची मिठागरं होती, आता टेम्पोचा धंदा आहे. तो ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा, म्हणजे राक्षसाचा पहिला मार त्याला. निखिल रेवसचा, घरची मासेमारीची होडी. तो मागून बाण मारायचा. आणि पालीच्या सुलभाताई, वयाने सगळ्यात मोठ्या. त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि गेममध्येही त्या वैद्यच होत्या. जखमी होईल त्याला बरं करायचं काम त्यांचं. लॉकडाऊनमध्ये खेळता खेळता ओळख झाली. ग्रुपला नाव हवं होतं. हर्षद मिठागरवाला, म्हणून आम्ही झालो ‘खारेदाणे’.

*

एकदा ऐन लढाईत निखिलचे बाण थांबले. त्याचा तिरंदाज पुतळ्यासारखा उभा. आम्ही हेडफोनवर हाका मारतोय, उत्तर नाही. बघता बघता बाकीचे तिघंही मेलो. बऱ्याच वेळाने साहेब परत आले. होडी धक्क्याला लागली होती म्हणून मासळी उतरवायला गेले होते.

हर्षद भडकला. टीममध्ये असताना न सांगता उठायचं नाही, तुझ्या एकट्यामुळे तिघांची मेहनत वाया गेली, असं बरंच सुनावलं. निखिलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दादा, तुझा राक्षस उद्या पन तिथंच असंल. कोलंबी न्हाय थांबत.”

पण हर्षदचं बोलणं त्याला लागलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तो भरती-ओहोटीच्या वेळा ग्रुपवर टाकायला लागला आणि आमच्या लढाया समुद्राच्या सोयीने ठरायला लागल्या.

*

सुलभाताई दुकानातूनच खेळायच्या. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. काउंटरखाली लॅपटॉप, कानात हेडफोन. शेजारी त्यांचे यजमान, अनंतकाका, बिलं करत बसलेले. काकांना गेमचं काडीचं कौतुक नव्हतं. ते त्याला “तुझी ती मारामारी” म्हणायचे.

एकदा निखिल सांगितलेलं न ऐकता एकटाच पुढे घुसला आणि मार खाऊन परत आला. ताई चिडल्या. लॅपटॉपकडे बघत ठणकावून म्हणाल्या, “आता तुला औषध मिळणार नाही. दर वेळी आगाऊपणा करतोस आणि रक्तबंबाळ होऊन माझ्याकडे येतोस.”

नेमके तेव्हाच समोर एक आजोबा उभे होते, गुडघ्याला फडकं बांधलेले. ते बिचारे दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, “बाय, मी भांडलो न्हाय गो. सायकलवरना परलो.”

काका त्या दिवशी इतके हसले की बिल चुकलं.

*

हरलो की आमच्यात भांडणं व्हायची. जो तो दुसऱ्याचं नाव घ्यायचा, आणि बहुतेक वेळा सगळं ताईंवर यायचं, कारण मरणाऱ्याला वाटतं वैद्याने वाचवायला हवं होतं. एकदा ताई तडक गेम बंद करून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी हर्षदने नियम केला. हरल्यावर प्रत्येकाने आधी स्वतःची चूक सांगायची, मग दुसऱ्याबद्दल तोंड उघडायचं. आणि पहिली चूक त्याने स्वतःची सांगितली, की तो न विचारता पुढे गेला होता. गंमत अशी, की स्वतःची चूक सांगून झाली की दुसऱ्याबद्दल बोलायला फारसं काही उरायचंच नाही.

हर्षदची आई हे रोज शेजारच्या खोलीतून ऐकायची. एके दिवशी वालाची आमटी करपली, तर तिने जेवायला वाढताना जाहीर केलं, “आमटी करपली ती माजी चूक. वास आला तरी तू उठला न्हाईस, ती तुजी. आता सांग.”

हर्षद म्हणतो, त्याने ती आमटी निमूटपणे संपवली.

*

प्रत्यक्ष भेटायला मात्र आम्हाला फार वेळ लागला. शेवटी एकदा रेवसच्या धक्क्यावर जमलो. ड्रॅगनसमोर छाती काढून उभा राहणारा हर्षद अगदीच काडीपैलवान निघाला. निखिलने सगळ्यांना होडीतून खाडीत फिरवायचं ठरवलं. होडी जराशी हलली आणि हर्षदने ताईंचा हात घट्ट धरला. मिठागरात वाढलेला माणूस, पण खोल पाण्याची धास्ती.

आम्ही हसायच्या बेतात होतो. निखिल मात्र हसला नाही. त्याने हर्षदला उठवून मधल्या फळीवर बसवलं आणि म्हणाला, “दादा, आज तू मागं बस. पुढं मी हाय.”

*

आणि तो शनिवार. काळ्या किल्ल्याची लढाई होती. चौघांपैकी एक जरी नसला तरी किल्ला पडणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. महिनाभर तयारी केली होती. भर दुपारी सगळे हजर झालो. ताईही आल्या, पण आवाज बंद. दुकानात गर्दी असेल असं वाटलं.

त्या दिवशी ताई वेगळ्याच खेळत होत्या. एरवी वेळ बघून औषध द्यायच्या, त्या दिवशी नुसतं खरचटलं तरी देत होत्या. मला तर काही झालेलं नसतानाही दोनदा दिलं. पण किल्ला पडला. आम्ही ओरडलो, नाचलो. हर्षदने विचारलं, ताई, आज गप्प का?

मग एकेक शब्द टाइप होऊन आला.

“मी अनंत. तिचा नवरा. आम्ही पनवेलला हॉस्पिटलात आहोत. पोटातली गाठ काढतायत. तिने आठवडाभर मला बटणं शिकवली, तुम्हाला सांगू नका म्हणाली. बाहेर नुसतं बसवतही नव्हतं. तुमचं झालं असेल तर मी उठू का? नर्स बोलावते आहे.”

हर्षदने लिहिलं, “काका, तुम्ही जा. ताईंना आम्ही बघतो.”

काका गेम चालू ठेवूनच उठले आणि किल्ल्याच्या अंगणात ताईंची वैद्य एकटीच उभी राहिली. जिंकलेल्या किल्ल्यातही राक्षस पुन्हा पुन्हा येत राहायचे. हर्षद ढाल घेऊन तिच्यापुढे उभा राहिला, निखिल एका बाजूला, मी दुसऱ्या. माझ्या खोल्यांवर पाहुणे येऊन थांबले होते, त्यांना आईने सरबत दिलं. निखिलने होडीवर भावाला पाठवलं. आलेला राक्षस मारायचा आणि पुन्हा जागेवर येऊन उभं राहायचं.

उन्हं उतरली तेव्हा काकांचा मेसेज आला.

“शुद्धीवर आली. विचारते आहे, कोणी मेलं तर नाही ना?”